पाना टक् म्हणाला तेव्हा

आमच्या घरात थकव्याच्या दोन जाती होत्या. मायचा थकवा बसलेला आणि आप्पांचा उभा. माय गुलमंडीतल्या एका कापड दुकानाच्या साड्यांना घरी फॉल लावून द्यायची. सकाळच्या भाकरी झाल्या की दाराशी, उजेडाकडे तोंड करून मांडी घालायची, ती ऊन भिंतीवर चढेपर्यंत. उठताना एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर, आणि तोंडातून शब्द नाही, नुसता लांब सुस्कारा. आप्पा चितेगावच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर होते. ते घरी आले की आधी खुंटीला सदरा लावायचे आणि मग तसेच भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, "थांब जरा. एकदा बसलो तर जेवायला उठवणार कोण?" आता वयाच्या या टप्प्यावर मी दोन्ही जातींची सभासद झाले आहे. तीसेक वर्षं फळ्यासमोर उभं राहून भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर खुर्चीत बसून बसून थकते. मुलगी फोनवर विचारते, आई, दिवसभर करतेस काय? काही करत नाही म्हणून थकत नाही, असं थोडंच आहे.

भावसिंगपुऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत पत्र्याची पेटी, त्यावर माझी पुस्तकं, भिंतीवर दोन तसबिरी. मागच्या खोलीत चूल आणि नंतर स्टोव्ह. संध्याकाळ मला आवाजांनी आठवते. स्टोव्हला हवा भरल्याचा फसफस आवाज, शेजारच्यांच्या रेडिओवरच्या बातम्या, मायच्या बांगड्यांचा परातीवर होणारा आवाज आणि मग आप्पांच्या चपलांचा. त्यांचा उजवा पाय थोडा घासत पडायचा, त्यामुळे गल्लीच्या तोंडालाच कळायचं. माय तेवढ्यात तव्यावर पहिली भाकरी टाकायची. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा, हे आमचं बहुतेक दिवसांचं जेवण. आप्पा भाकरी डाव्या हातानं मोडायचे, कारण उजवा खांदा वर व्हायला तयार नसायचा. माय लसूण टाकून तेल गरम करायची आणि जेवणं झाल्यावर तो खांदा चोळत बसायची. त्या तेलाचा वास घरात इतका मुरला होता की पावसाळ्यात माझ्या वह्यांनाही तो यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या आणि मी वही बंद करून टाकायची.

कंत्राटी आणि पर्मनंट यांच्यातला फरक मला पगारावरून कधी कळला नाही, बसवरून कळला. पर्मनंट लोकांना कारखान्याची बस होती. निळी, स्वच्छ, प्रत्येकाला बसायला जागा. कंत्राटी माणसाला त्या बसमध्ये चढायची मनाई, जागा रिकामी असली तरी. आप्पा स्टेशनच्या स्टॉपवरून पैठण रस्त्याच्या एसटीत किंवा टेंपोत लोंबकळत जायचे आणि तसेच यायचे. दिवसभर नट-बोल्टांवर पाने ओढायचे आणि मग त्याच खांद्यानं वरचा दांडा धरायचा. आप्पांना फार मोठ्या गोष्टी नको होत्या. "पर्मनंट झालो ना, तर बसून जाईन," एवढंच म्हणायचे. माय म्हणायची, "अन् खांदा दाखवायला दवाखाना पण मिळंल." त्यावर ते हसायचे, जणू दवाखाना ही तिची वेगळी चैन होती.

कामात मात्र ते कारागीर होते. वस्तीत कुठलाही नट-बोल्ट अडला की आप्पांना बोलावणं यायचं. विहारातला पंखा डगमगायला लागला, हापशाचा दांडा निसटला, कुणाच्या सायकलचं चाक वाकडं झालं, की रविवारी वंदना आटोपून ते तिथंच उकिडवे बसायचे. गोल झाकणाला आठ बोल्ट असले तर ते ओळीनं कधीच आवळायचे नाहीत. एक इथला, एक त्याच्या समोरचा, मग मधला, मग त्याच्या समोरचा. सगळे आधी अर्धे, मग पुरते. बोल्ट लहान असला तर पाना मानेपाशी, आखूड धरायचे, मोठा असला तर शेपटाला. मी विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, "लांब धरलं की थोडक्यात लई बसतं. बारक्याला एवढं सोसत नाय." पुरेसं झालं की त्यांचा हात आपोआप थांबायचा. कसं कळतं, विचारलं तर म्हणायचे हाताला कळतं. कारखान्यातले बाकीचे फिटर पान्याला लांब पाईप लावून अंगाचा भार टाकायचे आणि त्या भरात बोल्टचे आटे घालवायचे. आप्पांच्या हातून बोल्ट तुटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या टोळीत रहीमचाचा नावाचे एक फिटर होते. आप्पांच्याच वयाचे, बोलके, दाढीला मेंदी लावणारे. ते शहागंजाकडून यायचे आणि स्टॉपवर आप्पांसाठी जागा धरून ठेवायचे, म्हणजे उभं राहायची जागा. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा त्यांच्याकडून यायचा आणि मायच्या हातचे धपाटे त्यांच्याकडे जायचे. मला ते 'प्रोफेसरनी' म्हणायचे. मी तेव्हा सायन्सला अकरावीत होते. आमच्या नात्यागोत्यात सायन्सला जाणारी पहिली, आणि तेही इंग्रजीतून. त्यामुळे मी काय बोलते यापेक्षा मी बोलते याचंच घरात कौतुक होतं. आप्पा चौथी शिकलेले. माझं पुस्तक हातात घेऊन ते पानं उलटायचे, आकृत्यांवर बोट फिरवायचे आणि परत देताना सदऱ्याला हात पुसायचे. घेताना पुसायला हवे होते, पण ते नेहमी देतानाच पुसायचे.

त्या वर्षी कारखान्यात एक नवा पाना आला. लांब दांडा, शेवटी फिरवायची मूठ आणि मुठीजवळ आकडे. आकडा लावून बोल्ट आवळायला घ्यायचा; ठरलेला जोर भरला की पाना हातात 'टक्' करायचा. फिटर त्याला बोलता पाना म्हणायला लागले. फार बोल्ट तुटतात, म्हणून साहेब लोकांनी तो आणला होता. त्या पान्यापाठोपाठ बातमी आली की नव्या लाईनवर हाच पाना वापरायचा आहे आणि त्यासाठी कंत्राटी फिटरांतून चार माणसं पर्मनंट घेणार. परीक्षा होईल, थोडी तोंडी, थोडी हाताची. लाईनवर वजन उचलायचं नाही, उभ्यानं ओढायचं नाही, कमरेच्या उंचीवर काम. आप्पांच्या खांद्याला याहून बरं काय मिळणार होतं? वयाची एक मर्यादा घातली होती आणि आप्पा तिच्या काठावर होते. पुढच्या खेपेला ते त्या मर्यादेत बसले नसते. हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण माय त्या आठवड्यात साडीला फॉल लावताना दोनदा उलटा लावून बसली.

तोंडी परीक्षेसाठी सगळ्यांना एक छापील कागद दिला होता, अर्धा इंग्रजीत, अर्धा बोजड मराठीत. आप्पांनी तो चार घड्या करून आणला आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर माझ्यासमोर पसरला. "सुजा, हे जरा बघ. टॉर्क म्हंजे काय, ते नीट सांग मला. शब्द पाठ करायचा नाय, समजून सांग."

मला टॉर्क माहीत नव्हता. आमच्या पुस्तकात तो धडा पुढं होता आणि आमचे सर अजून 'कार्य' या धड्यावर होते. बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन म्हणजे कार्य, एकक न्यूटन-मीटर, त्यालाच ज्यूल म्हणतात. हे मी नुकतंच पाठ केलं होतं आणि चाचणीत दहापैकी नऊ मिळवले होते. 'माहीत नाही, उद्या सरांना विचारून सांगते' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आप्पा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मला ते म्हणवेना. मी पुढचा धडा उघडला. सूत्र दिसलं, बल गुणिले अंतर. खाली एकक दिसलं, न्यूटन-मीटर. कागदावरही तेच छापलेलं होतं. झालं, मला सगळं समजलं. पुढच्या पानावर बाण होते, काटकोन होते, ते अंतर नेमकं कुठून कुठे मोजायचं याची आकृती होती. ते पान मी उलटलंच नाही. आज इतक्या वर्षांनी लिहिताना मला त्या मुलीला धरून हलवावंसं वाटतं.

"हे बघा आप्पा," मी म्हणाले, "जोर लावला आणि वस्तू जितकी हलली, त्यांचा गुणाकार. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. पान्यावर तोच आकडा असतो."

"म्हंजे बोल्ट जितका फिरला ते अंतर?"

"हो."

आप्पा विचारात पडले. त्यांनी डाव्या हाताची मूठ बोल्टसारखी धरली आणि उजव्या हातानं न दिसणारा पाना तिच्यावर बसवला. "आता समज, बोल्ट आधीच आवळलेला हाय. मी पाना लावला, वढला. पाना टक् म्हणला, पण बोल्ट जागचा हलला नाय. मंग?"

प्रश्न अगदी मर्मावर होता. त्यानंतर मी हजारभर मुलांना शिकवलं असेल, त्यातल्या फार थोड्यांनी तो असा नेमका विचारला. आणि मी उत्तर दिलं, क्षणभरही न थांबता. "हलला नाही म्हणजे अंतर शून्य. शून्यानं कशालाही गुणलं तरी शून्य. म्हणजे बोल्टला काहीच पोचलं नाही. तो हलेपर्यंत ओढायचं."

"अन् पाना टक् म्हणला ते?"

"ते तुमच्या हाताचं. बोल्टचं नाही."

"हात तर म्हणतो की भरलं."

"हाताचं परीक्षेत चालत नाही, आप्पा," मी म्हणाले.

माय दाराशी साडी घेऊन बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुईत डोकं घातलं. आप्पांनी मुठी सोडल्या आणि कागदावर बोट ठेवून म्हणाले, "पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं, माझ्याच शब्दांत, शाळेतल्या पोरासारखं हाताची घडी घालून. पुढचे चार दिवस एसटीत लोंबकळताना ते हेच घोकत होते, असं रहीमचाचांनी नंतर सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी मायनं त्यांना इस्त्रीचा सदरा दिला. त्यांनी तो काढून रोजचा घातला, म्हणाले नव्या सदऱ्यात हात अवघडतो. संध्याकाळी चपलांचा आवाज नेहमीपेक्षा उशिरा आला आणि बरोबर आणखी एक जोड होती. रहीमचाचा दारात उभे राहिले, आत आले नाहीत. त्यांच्या हातात आप्पांचा डबा होता. आप्पा सदरा खुंटीला लावून, कुणी न सांगता, खाली बसले. ते बघूनच मला समजलं.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"बोल्ट तुटला," आप्पा म्हणाले. "माझाच हात चुकला."

रहीमचाचांनी मग दारातूनच सगळं सांगितलं. एक ॲल्युमिनियमचं झाकण, त्याला आठ बोल्ट, साहेबानं स्वतः मापात आवळून ठेवलेले. पाना आकड्यावर लावून हातात दिला आणि म्हणाला, सगळे तपास. "मेरेकू पूछे, टॉर्क क्या है? मैं बोला साब, मेरेकू क्या मालूम. पाना टक् बोले तो रुक जाना, बस इत्ता मालूम. हँसे वो लोगां. पास कर दिये." मग आप्पांची पाळी आली. तोंडी उत्तर आप्पांनी घडाघडा दिलं. साहेबानं मान वर करून बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग पाना. पहिल्या बोल्टला टक् झालं. "इसका हात रुक गया था, भाभी. मैं अपनी आँख से देखा. एकदम बरोबर रुका. फिर कायकू खेंचा, मेरेकू समझ में नै आया. साब भी बोले, अरे, आवाज हो गई. ये बोला, हिला नै साब." आप्पांनी पहिला ओढला तो थोडा फिरला. दुसराही फिरला. तिसऱ्याचं डोकं पान्यात तुटून आलं.

माय रडली नाही. तिनं रहीमचाचांना चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं आणि डबा उंबऱ्यावर ठेवून गेले. मी पेटीजवळ उभी होते. कसं सांगू, त्या संध्याकाळी मला माझी चूक कळली नव्हती. उलट मला आप्पांचाच राग आला. मनात म्हटलं, एवढं नीट शिकवलं, तरी जोर जास्त लावलाच ना. फिटर ते फिटरच. हे मी कुणाला बोलले नाही, पण विचार माझाच होता आणि तो इथं लिहून ठेवते. नाहीतर हे आत्मकथन म्हणजे नुसती स्वतःची आरती व्हायची.

पुढचा महिना तसाच गेला. रहीमचाचा निळ्या बसमधून जायला लागले. पहिले काही दिवस ते स्टॉपवर आप्पांबरोबर उभे राहायचे आणि बस सोडून द्यायचे. मग आप्पांनीच त्यांना दटावून बसवलं. घरात तेलाची बाटली लवकर संपायला लागली. आप्पा त्या परीक्षेबद्दल काही बोलायचे नाहीत. माझं पुस्तक हातात घेणं मात्र त्यांनी सोडलं नाही. पानं उलटायची, बोट फिरवायचं, सदऱ्याला हात पुसून परत द्यायचं.

आणि मग कॉलेजात तो धडा आला. आमचे सर वयस्क होते, घसा बसलेला, कायम कंटाळलेले. फळ्यावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या, एकीवर 'वर्क', दुसरीवर 'टॉर्क', आणि दोन्हींपुढं न्यूटन-मीटर. "दोन्हींची एककं सारखी दिसतात," ते म्हणाले, "म्हणून दरवर्षी निम्मा वर्ग इथं घसरतो." मग ते वर्गाच्या दाराकडे गेले. ते दार चौकटीत फुगून बसलेलं असायचं, सहज उघडायचं नाही. त्यांनी कडीपाशी हात ठेवून ढकललं. दार हललं नाही. "हललं नाही, म्हणून माझं कार्य शून्य. पण बिजागरीवर पीळ पडतोय की नाही? पडतोय. तो टॉर्क. त्यातलं अंतर म्हणजे दार किती सरकलं ते नाही. बिजागरीपासून माझ्या हातापर्यंतचं अंतर. ते दार बंद असलं तरी आहेच." ते बिजागरीच्या जवळ सरकले. "इथं ढकललं तर तेवढ्याच पिळासाठी जास्त जोर लागेल. कार्यातलं अंतर बलाच्या दिशेनं, टॉर्कमधलं बलाशी काटकोनात. म्हणून कार्याला ज्यूल म्हणा, टॉर्कला चुकूनही म्हणू नका." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की सर, दार उघडलं नाही म्हणजे तुम्ही काहीच काम केलं नाही. वर्ग हसला. हा विनोद मी पुढं प्रत्येक वर्षी ऐकला आहे आणि एकदाही मला हसू आलेलं नाही.

मला ऐकू येत होतं ते वेगळंच. लांब धरलं की थोडक्यात लई बसतं. बारक्याला एवढं सोसत नाय. सर जे दारावर दाखवत होते ते आप्पा विहारात पंख्याखाली बसून मला कधीच सांगून गेले होते, आणि मी त्यांना म्हणाले होते की हाताचं चालत नाही. पाना टक् म्हणाला तेव्हा बोल्टला सगळं पोचलेलं होतं. हलायची गरजच नव्हती. मी त्यांना तो तोडायला शिकवलं होतं.  तास संपल्यावर मैत्रिणी उठल्या, मी बाकाला धरून बसून राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही, स्टेशनच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. सव्वासहाला निळी बस आली आणि माणसं उतरली, ताजीतवानी दिसत होती. रहीमचाचांनी मला बघून हात केला. "अब्बा पीछे आ रा है," म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढं निघून गेले. एसटी बऱ्याच वेळानं आली. आप्पा शेवटी उतरले. दांडा धरून उजवा हात तसाच अर्धा वर राहिला होता. त्यांनी तो डाव्या हातानं खाली घेतला. मला बघून घाबरले.

"माय बरी हाय ना?"

"बरी आहे. तुम्हाला घ्यायला आले."

"मला? मी काय पाव्हणा हाय?"

आम्ही चालायला लागलो. मी डबा मागितला, त्यांनी दिला नाही. रस्त्याला वर्दळ होती, रिक्षा, सायकली, ट्रकांची घरघर.  मी सगळं एका दमात बोलून टाकलं. धडा पुढं होता. मी वाचला नव्हता. दोन्हींचं एकक सारखं दिसलं आणि मी समजले की दोन्ही एकच. बोल्ट हलायला नको होता. पाना टक् म्हणाला की पुरतं झालं होतं. "मला माहीत नाही म्हणायची लाज वाटली, आप्पा. तुमचा हात नाही चुकला. मी चुकले."

आप्पा थांबले. मला वाटलं रागावतील. मला तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "आता नीट समजलं का तुला?"

"हो."

"मंग सांग."

तिथंच, रस्त्याच्या कडेला, मी त्यांना दाराचं उदाहरण दिलं. बिजागरी कुठं, हात कुठं, अंतर कोणतं. त्यांनी पहिल्यासारखीच मान हलवत ऐकलं, तितक्याच भरवशानं. मला तो भरवसा सहन होईना. "व्हय," ते म्हणाले, "हाताला असंच वाटलं व्हतं." आणि पुन्हा चालायला लागले.

मी मागून गेले. "रहीमचाचा म्हणत होते, तुमचा हात थांबला होता."

"थांबला व्हता."

"साहेबही बोलले होते, आवाज झाला म्हणून."

"बोलले व्हते."

"मग कशाला ओढलंत, आप्पा?"

ते उजवा पाय घासत चालत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाताचं ऐकलं असतं, तर तू खोटी ठरली असतीस ना, बाई. एवढ्या लोकांसमोर."

"तिथं कुणाला माहीत होतं, मी काय शिकवलं ते?"

"मला ठाऊक व्हतं ना," आप्पा म्हणाले.